चार्जर आधीं, सेट मागाहून

उपसा सिंचनाच्या ज्या सहकारी संस्थेचा जॅकवेल नदीकांठीं आणि वांटणीचें चेंबर दोन-अडीच किलोमीटरांवर माळाच्या उंचीवर आहे, अशा संस्थेस वॉकीटॉकीचे दोन-चार सेट ही चैनीची वस्तु नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. पंचगंगा, वारणा, दूधगंगा व कृष्णा या नद्यांच्या कांठीं अशा संस्था पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या कामाची अडचण बहुतेक एकच असते. खालीं मोटरीपाशीं एक मनुष्य, वर चेंबरवर पाटकरी, आणि मध्यें सारी पाइपलाइन अंधारांत. रात्रीच्या पाळींत एखादा जोड निखळला, तर वरचा निरोप खालीं पोहोंचेपर्यंत पाण्याचा लोट कोणाच्या तरी नव्या लागणीच्या सऱ्या फोडून वरची चांगली माती ओढ्यांत नेऊन घालतो. याहून वाईट प्रसंग असा कीं, वीज गेली आहे म्हणून एकजण उघड्या व्हॉल्व्हमध्यें हात घालून बसला आहे, आणि वीज येतांच खालच्यानें स्टार्टरचें बटण दाबलें! सेट हातीं आला म्हणून मेन स्विच पाडून फ्यूज खिशांत ठेवण्याची संवय कोणी सोडूं नये, हें येथेंच सांगून ठेवतों. परंतु दोन माणसांस एकमेकांचा शब्द तत्काळ ऐकूं जाणें याचें मोल अशा वेळीं कळतें.

मोबाइल असतांना हें दुसरें लोढणें कशाला, असें कित्येक सभासद विचारतील. त्यास उत्तर एवढेंच कीं, नदीच्या खोलगटांत मोबाइलला टॉवर सांपडेलच असें नाहीं, आणि वीज पुष्कळ तास गेली म्हणजे टॉवरच्या बॅटऱ्याहि दम सोडतात. वॉकीटॉकी एका सेटाहून दुसऱ्या सेटाशीं परभारें बोलते, मध्यें कोणाची गरज नाहीं. ओल्या हातानें एक बटण दाबलें कीं काम झालें. तिचा पल्ला मात्र विक्रेता सांगतो तेवढा कधींच नसतो. उभ्या उसांतून व चढउतारांतून तो पुष्कळच कमी भरतो, म्हणून आपल्याच रानांत, ऊस वाढलेला असतांना, उसना सेट आणून पाहून मगच खरेदी करावी. कायद्याविषयींहि दोन शब्द अवश्य आहेत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या सेटांस २०१८ च्या नियमांनीं परवान्यांतून सूट दिली आहे. वाटेल त्या लहरीवर लावतां येणारे मोठ्या शक्तीचे सेट स्वस्त मिळतात म्हणून विनापरवाना घेणें हा गुन्हा आहे; २०२५ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें अशा सेटांच्या ऑनलाइन विक्रीवर निर्बंध घालणारे मार्गदर्शक नियम काढले ते याच कारणासाठीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. खरेदीस गेलेला मनुष्य पल्ला विचारतो, किंमत विचारतो, सेट पाण्यांत पडला तर काय होईल तें विचारतो; चार्जर मात्र डब्यांत जो निघेल तो मुकाट्यानें घरीं आणतो. आमच्या मतें हा क्रम उलटा असला पाहिजे. सेट सहसा बिघडत नाहीं. बिघडते ती बॅटरी, आणि बॅटरी अकालीं मरते ती बहुधा चार्जरच्या हातून. म्हणून चार्जर निवडतांना तो किती लवकर भरतो हें पहिलें पाहावयाचें नाहीं. बॅटरी भरली हें त्याला कसें कळतें, आणि कळल्यावर तो काय करतो, हें पाहावयाचें. हौद भरला हें मोटरीस आपोआप कळत नाहीं. कोणी तरी पाहावें लागतें किंवा फ्लोट बसवावा लागतो. स्वस्त चार्जर म्हणजे फ्लोट नसलेली मोटर होय.

चार्जरला हें कळावयाचें तर आधीं बॅटरी कोणत्या जातीची तें पाहिलें पाहिजे. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा मूळ शोध स्वीडनच्या युंगनर यांनीं १८९९ सालीं लावला. कॅडमियम विषारी असल्यामुळें लहान उपकरणांतून ती आतां बहुतेक हद्दपार झाली आहे. तिच्या जागीं निकेल-मेटल हायड्राइड आली. पेन्सिल सेलच्या आकाराचे, पुन्हां पुन्हां भरतां येणारे १.२ व्होल्टांचे जे सेल दुकानांत मिळतात ते हेच. लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं सोनीनें प्रथम बाजारांत आणली, आणि बहुतेक मोठ्या सेटांच्या पाठीशीं चिकटणारी चपटी बॅटरी आज याच जातीची असते. या दोन जातींची प्रकृति अगदीं निराळी आहे. एकीस मानवणारा उपाय दुसरीस घातक ठरतो, आणि निकेलच्या चार्जरमध्यें लिथियमची बॅटरी घालणें म्हणजे आगीशीं खेळ आहे.

निकेलचा सेल भरत आला म्हणजे त्याचा दाब चढत चढत शिखरास जातो आणि मग किंचित् खालीं येतो. ही घसर अवघ्या कांहीं मिलीव्होल्टांची असते. त्याच सुमारास सेल तापूं लागतो, कारण आंत शिरणारी वीज आतां सांठत नाहीं, उष्णता होऊन बाहेर पडते. चांगला चार्जर ही घसर व हें तापणें दोन्ही पाहतो आणि थांबतो. येथें एक गोष्ट वाचकांस उलटी वाटेल. फार सावकाश भरणाऱ्या चार्जरमध्यें ती घसर इतकी अस्पष्ट होते कीं, ती ओळखतांच येत नाहीं. म्हणजे "सावकाश भरला म्हणजे सेलास बरें" हा समज सर्वस्वीं खरा नाहीं. २००० मिलीअँपिअर-तासांचा सेल २०० मिलीअँपिअरनें भरावयाचा तर चौदा-सोळा तास लागतात, आणि कधीं थांबावें हें अशा चार्जरला बहुधा स्वतःस कळत नाहीं. तें मालकानें लक्षांत ठेवावयाचें. तोच सेल अर्ध्या ते एक अँपिअर प्रवाहानें दोन ते पांच तासांत भरतो व चार्जर आपण होऊन थांबतो. अर्ध्या तासांत भरून देणाऱ्याच्या नादीं मात्र लागूं नये. तितक्या घाईनें सेल तापतो, आणि तापलेल्या सेलाचें आयुष्य तुटतें.

आतां आपल्या गांवाकडील विजेचा विचार करूं. शहरांतील जाहिरात वाचून घेतलेला चार्जर येथेंच फसतो. मधल्या प्रतीचे पुष्कळ चार्जर घड्याळावर चालतात. आंत एक वेळ ठरलेली असते, समजा आठ तास, आणि ती भरली म्हणजे चार्जर बंद होतो. अखंड वीज असलेल्या घरीं हें ठीक आहे. परंतु आपल्याकडे पांचव्या तासास वीज गेली आणि दोन तासांनीं परत आली, तर अशा बहुतेक चार्जरांचें घड्याळ पुन्हां शून्यापासून सुरू होतें. आधींचे पांच व नंतरचे आठ मिळून तेरा तास वीज सेलांत कोंबली जाते. एका रात्रींत दोनदां वीज गेली तर हिशेब वाचकांनींच करावा. असे सेल पुढें लवकरच दम धरीनासे होतात, आणि आपण सेलच्या कंपनीस दोष देतों. जेथें भारनियमन आहे किंवा तारा वरचेवर तुटतात, तेथें घड्याळावरचा चार्जर अजिबात घेऊं नये, असें आम्ही निक्षून सांगतों. दाब व उष्णता पाहून थांबणाऱ्या चार्जरास वीज परत आल्यावर भरलेला सेल पुन्हां भरलेलाच दिसतो, व तो थोड्याच वेळांत स्वस्थ बसतो.

दुसरी खोड जोडीनें भरण्याची. चार खणांच्या स्वस्त चार्जरमध्यें सेल दोन-दोन एका माळेंत असतात. त्यांतील एक थकलेला व एक ताजा असला तर दोघांसहि सारखाच प्रवाह मिळतो. एक उतूं जातो, दुसरा अर्धवट राहतो, आणि सेट वापरतांना अर्धवट राहिलेला सेल सर्वांस खालीं ओढतो. हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. दुकानांत एकच सेल एका खणांत घालून पाहावा. दिवा लागला नाहीं, किंवा दोन खणांस मिळून एकच दिवा असला, तर तो जोडीचा चार्जर समजावा. लहान सेटांपैकीं कित्येकांत तीनच सेल बसतात. त्यांस जोडीचा चार्जर म्हणजे तीन बैलांस दोन जुवीं. प्रत्येक खणाचा हिशेब स्वतंत्र ठेवणारा चार्जर थोडा महाग पडतो, परंतु सेलांच्या एका संचाच्या आयुष्यांत तो फरक भरून निघतो. निकेलचे सेल घेतांना कमी गळतीचे, म्हणजे पडून राहिले तरी विशेष रिते न होणारे, असे मागून घ्यावेत. सान्यो कंपनीनें २००५ सालीं या प्रकारचे सेल प्रथम आणले. आतां अनेक कंपन्यांचे मिळतात. आपलें काम हंगामी असतें. साधा निकेलचा सेल महिना-दोन महिने फडताळांत राहिला कीं बराचसा रिता होतो, आणि आवर्तन सुरू झालें त्याच दिवशीं सेट मुका निघतो.

घड्याळांत वा बॅटरींत घालावयाचे साधे, न भरतां येणारे सेल चार्जरमध्यें घालून "थोडे जिवंत" करण्याची खटपट कांहीं घरीं चालते. ती बंद करावी. असे सेल गळतात, प्रसंगीं फुटतात, व त्यांच्या रसानें चार्जर आणि सेट दोन्ही खराब होतात.

लिथियमच्या बॅटरीचें निराळें आहे. तिच्या एका सेलाचा भरलेला दाब ४.२ व्होल्ट, दोन सेलांच्या, म्हणजे ७.४ व्होल्ट लिहिलेल्या बॅटरीचा ८.४ व्होल्ट. चार्जर प्रथम ठरावीक प्रवाह देतो, दाब या मर्यादेस पोहोंचला कीं दाब तेथेंच धरून ठेवतो, प्रवाह आपोआप ओसरत जातो, आणि तो मूळच्या दहाव्या हिश्शाच्या खालीं आला म्हणजे पूर्ण बंद करतो. येथें अंदाजास जागा नाहीं. मर्यादेच्या वर नेलेली बॅटरी फुगते, क्वचित् पेटते. म्हणून आमचा आग्रह असा कीं, लिथियमच्या सेटास त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा चार्जर घ्यावा, आणि बाजारांतला "कोणत्याहि बॅटरीस चालणारा" चिमट्याचा चार्जर दारांतूनच परत पाठवावा. बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह, आर या अक्षरानें सुरू होणारा नोंदणी-क्रमांक व आयएस १६०४६ हा मानकाचा आंकडा आहे कीं नाहीं तें पाहावें. अडॅप्टरवरहि ब्यूरोचें चिन्ह व नोंदणी-क्रमांक हवा. चिन्ह छापतां येतें हें आम्हांसहि ठाऊक आहे, पण ज्यावर तें मुळींच नाहीं त्याचा विचारच करूं नये. बॅटरी पूर्ण रिती करून मगच भरावी, ही जुनी शिकवण निकेल-कॅडमियमच्या काळांतली. लिथियमला ती अपायकारक आहे.

घरीं आणल्यावर परीक्षा हातानें करतां येते, यंत्र लागत नाहीं. दिवा तांबड्याचा हिरवा झाल्यावर एक तासानें बॅटरीवर तळहात ठेवावा. लिथियमची बॅटरी थंड लागली पाहिजे. निकेलचे सेल भरण्याच्या शेवटीं तापतात, तो त्यांचा धर्मच. परंतु हिरवा दिवा लागून तास उलटल्यावरहि ते गरम असले, तर चार्जर थांबलेला नाहीं, फक्त दिवा बदलला आहे. असा चार्जर मुदतींत दुकानदारास परत करावा. परीक्षा करतांना सेट बंद असावा. सेट चालू ठेवून भरल्यास तो मधल्यामध्यें वीज खातो, आणि बॅटरी भरली कीं नाहीं याविषयीं चार्जरची फसगत होते.

विजेच्या दाबाविषयीं थोडें. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असें लिहिलेलें असावें; दाब १७०-१८० पर्यंत पडला तरी असा अडॅप्टर काम करतो. जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या ठोकळ्यांत मात्र बाहेर येणारा दाब आंतल्या दाबाबरोबर खालींवर होतो. खरी भीति वाढलेल्या दाबाची आहे. डीपीवरचा न्यूट्रल तुटला म्हणजे घरच्या २३० व्होल्टांच्या सॉकेटांत ४०० च्या आसपास दाब चढूं शकतो, आणि त्यापुढें कोणताच लहान अडॅप्टर टिकत नाहीं. यास्तव चार्जर शेतीच्या फिडरवर, मोटरीच्या पेटींतून तार काढून, कधींहि लावूं नये. गांवठाणच्या सिंगल फेजवर लावावा, व त्यामागें दाब वाढतांच तोडणारें साधन बसवावें. वीज आल्याबरोबर लगेच न लावतां दहा मिनिटें थांबावें.

संस्थेस चार-सहा सेट घ्यावयाचे असले म्हणजे सहा खणांचा एकच चार्जर घ्यावा कीं सहा सुटे, असा प्रश्न येतो. सहा खणांचा दिसावयास नीटस, आणि जागाहि एकच अडते. पण त्याचा अडॅप्टर सहाहि खणांस एकदम पुरेल इतका आहे काय, हें विचारणारा विरळा. खणास अर्धा अँपिअर धरला तरी सहांस तीन अँपिअर हवेत. अडॅप्टरवर दीड लिहिलेला असला तर सहा सेट भरावयास दुप्पट वेळ लागणार, हें उघड आहे. शिवाय तो एक अडॅप्टर जळाला कीं सहाहि सेट मुके. आमचा कौल असा: कचेरींत एक अनेक खणांचा, आणि त्याच नमुन्याचे दोन सुटे, एक पंपगृहावर व एक चेंबरकडील वस्तीवर. हल्लीं मोबाइलच्याच तारेनें भरणारे टाइप-सी छिद्राचे सेट निघाले आहेत. वीज नसतांना पॉवर बँकेवर भरतां येतात, हा त्यांचा गुण मोठा. पण त्या बारीक छिद्रांत चिखल व खताची धूळ बसली कीं सारें संपलें. ज्या सेटास खणांत उभा करून भरण्याची सोय आणि छिद्र अशीं दोन्ही आहेत, तोच पसंत करावा. खणांतील पितळी टिकल्या आठवड्यास एकदां कोरड्या फडक्यानें पुसाव्या. युरियाच्या हातानें हाताळलेल्या टिकल्यांवर हिरवट गंज चढतो, आणि मग चार्जर बिघडला अशी हाकाटी होते.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून भरावयाचें तर १२ व्होल्टांचा खास चार्जर घ्यावा. इंजिन चालू असतां तेथें चौदाच्या आसपास व्होल्ट असतात व मधून मधून झटके येतात, म्हणून इंजिन बंद ठेवूनच भरावें. सौर पत्र्याची तार थेट सेटास जोडणें अविचार आहे. १२ व्होल्टांचा म्हणून विकलेला पत्रा भार नसतांना वीस-एकवीस व्होल्ट दाखवितो. मध्यें नियंत्रक हवाच.

चार्जर कोठें ठेवावा, याविषयीं खरेदीच्या वेळींच बोलून घ्यावें, कारण मागाहून तो पत्र्याच्या शेडमध्येंच जाऊन पडतो. चैत्र-वैशाखांत तेथें भर दुपारीं लिथियमची बॅटरी भरणें म्हणजे तिचें आयुष्य भाजून काढणें. ४५ अंशांच्या वर ती भरूंच नये. भिंतीच्या कोनाड्यांत, सावलींत, फरशीवर किंवा दगडावर ठेवावा. कडबा, बारदान, डिझेलचा डबा यांपासून दूर असावा. पावसाळ्यांत काम नसतां लिथियमच्या बॅटऱ्या सुमारें अर्ध्या भरलेल्या ठेवाव्या आणि दोन-तीन महिन्यांनीं एकदां पाहाव्या. फुगलेली बॅटरी टोंचूं नये, उकिरड्यांत टाकूं नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. खरेदीच्या पावतीबरोबरच ती परत कोणाकडे द्यावयाची, हें दुकानदाराकडून लिहून घ्यावें.

आमची सूचना अशी कीं, संस्थेच्या पुढील सभेंत सेटांचा ठराव येईल तेव्हां सेटांच्या संख्येच्या आधीं पुढील गोष्टी लिहिल्या जाव्या: बॅटरीची जात, चार्जरचा नमुना व तो कोणत्या खुणेनें थांबतो, एका सेटामागें एक जादा बॅटरी, आणि सायंकाळीं सेट चार्जरमध्यें ठेवणाऱ्या व पाळीच्या वेळीं काढून देणाऱ्या एका माणसाचें नांव. पैसे कमी पडले तर सहांच्या जागीं चार सेट घ्यावे.